अंधार आहे, की डोळा मिटलाय?

परीक्षेच्या गुणपत्रकात एका मुलीपुढे ‘०’ लिहिलेलं असतं आणि दुसरीपुढे ‘गै. ह.’. एकूण बेरजेत दोघींमुळे काहीच फरक पडत नाही. पण पहिलीने पेपर लिहिला आणि तिला काही जमलं नाही. दुसरी परीक्षेला आलीच नव्हती. बाईंनी कंटाळा करून गैरहजर मुलीपुढेही शून्य टाकलं, तर बेरीज बरोबरच राहील आणि तरीही ते गुणपत्रक खोटं असेल.

‘काही नाही’ आणि ‘कुणी पाहिलंच नाही’ या दोन गोष्टी कागदावर अशा सारख्या दिसतात. त्या वेगळ्या ठेवणं ही कुणाची जबाबदारी? हा प्रश्न मला नैतिक वाटतो आणि तो माझ्यासमोर आला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एका डिटेक्टरमधली प्रकाश टिपणारी नळी बदलताना.

मी टेंभुर्णीची. टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरची आठवते. आमची ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. एम.एस्सी. झाल्यावर मी एका विद्यापीठात मातीतली नैसर्गिक किरणोत्सारिता मोजण्याच्या कामाला लागले. शब्द मोठा आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. कुठल्याही शेतातल्या मातीत पोटॅशियम असतं आणि त्यातल्या दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो. आमच्या वावरातली काळी माती वाळवून, चाळून, डब्यात भरून मीही यंत्रापुढे ठेवली आहे. पोटॅशियम तिथेही दिसलं.

चारातला एक

हे यंत्र पाहतं कसं, ते आधी सांगते. मातीतून निघालेला गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात शिरतो आणि तिथे प्रकाशाची अगदी क्षीण चमक उठते. आपल्या डोळ्यांना ती दिसणार नाही. ती टिपण्यासाठी स्फटिकाला चिकटून एक निर्वात काचनळी बसवलेली असते. तिचं नाव फोटोमल्टिप्लायर ट्यूब. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘पीएमटी’ म्हणतात.

नळीच्या काचेला आतून एक पातळ लेप असतो. प्रकाशकण त्यावर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो. तोही दर वेळी नाही, साधारण चार प्रकाशकणांमागे एक. हा एकटा इलेक्ट्रॉन पुढच्या धातूच्या पट्टीवर आपटतो आणि तिथून चारेक इलेक्ट्रॉन निघतात. ते त्याच्या पुढच्या पट्टीवर. अशा दहा पट्ट्या धरा आणि चाराला दहा वेळा गुणून पाहा : १०,४८,५७६. एकाचे दहा लाख होतात, तेव्हा कुठे संगणकाला एक नोंद मिळते.

इतकी हळवी वस्तू तितकीच नाजूक असते. नळीला हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब दिलेला असतो. तो चालू असताना कुणी वेष्टण उघडलं आणि खोलीतल्या साध्या दिव्याचा उजेड आत गेला, तर नळी कायमची निकामी होऊ शकते. अगदी क्षीण प्रकाश पाहण्यासाठी बनवलेला डोळा भरपूर उजेडात जळतो.

रोज सकाळी तेच उत्तर

आमची नळी एका दिवसात बंद पडली नव्हती. ती हळूहळू थकत गेली. हे आम्हाला कळलं एका जाड वहीमुळे. प्रयोगशाळेतले मामा (हुद्दा प्रयोगशाळा सहायक, पण सगळ्या विभागाचे मामा) रोज सकाळी, पहिला नमुना ठेवण्याआधी, सीझियम-१३७ चा बटणाएवढा स्रोत यंत्रासमोर ठेवायचे. त्याच्या किरणाची ऊर्जा ठरलेली आहे, ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. आलेखावर त्याचं शिखर ठरलेल्या जागी यायला हवं. मामा त्या जागेचा आकडा वहीत लिहायचे. दहा मिनिटांचं काम, उत्तर आधीच माहीत असलेलं.

नवीन मुलांना ते वेळखाऊ वाटायचं. उत्तर माहीत आहे तर रोज विचारायचं कशाला? पण वही मागे चाळली तेव्हा दिसलं की शिखर आठवड्यामागून आठवडे डावीकडे सरकत होतं आणि पसरट होत होतं. कोणत्या तारखेपर्यंतची मोजमापं जशीच्या तशी ठेवायची आणि कोणते नमुने पुन्हा मोजायचे, हे त्या वहीने ठरवलं. ती नसती तर आम्हाला एवढंच म्हणता आलं असतं, की आज नळी खराब आहे. काल तिने सांगितलेलं खरं होतं का, याला उत्तर नसतं.

मग नळी बदलली. विद्युतदाब बंद करून थांबलो. खोलीत मंद लाल दिवा. जुनी नळी अलगद सोडवली, स्फटिकाच्या खिडकीवरचं जुनं ग्रीस पुसलं, नवं लावलं. त्यात हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर प्रकाश तिथेच अडतो. नवी नळी बसवली, चुंबकीय प्रभाव अडवणारं धातूचं नळकांडं चढवलं, वर काळी टेप. त्यानंतर विद्युतदाब न देता रात्रभर अंधारात ठेवली, कारण थोडा उजेड लागलेली नळी काही तास अस्वस्थ असते.

दुसऱ्या दिवशी समोर कुठलाही नमुना नसताना विद्युतदाब थोडा थोडा वाढवत नेला. पडदा कोरा होता. मग एक ठिपका, दोन ठिपके, मग विखुरलेली भुरभुर. मामा म्हणाले, “ताई, कुरकुर सुरू झाली. जिवंत आहे.”

कुरकुर कशाची?

काही ठिपके भिंतीतल्या, जमिनीतल्या नेहमीच्या किरणांचे होते. पण सगळं बाहेरून बंद केलं तरी पीएमटी गप्प बसत नाही. खोलीच्या साध्या उष्णतेनेही तिच्या लेपातून अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन आपोआप सुटतो आणि त्याचेही पुढे लाखो होतात. याला डार्क करंट म्हणतात, अंधारातला प्रवाह. यंत्र बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा दोष असतो. तो कमी करण्यासाठी काही ठिकाणी नळ्या थंड करून ठेवतात.

पण देखभाल करणाऱ्यासाठी याच दोषाचा एक उपयोग आहे. जिवंत नळी पूर्ण शून्य कधीच दाखवत नाही. पडद्यावर एकही ठिपका न येणं, म्हणजे अगदी स्वच्छ शून्य, ही आनंदाची बातमी नसते. तार निघालेली असते, विद्युतदाब गेलेला असतो किंवा नळी मेलेली असते.

त्या दिवसापासून स्वच्छ शून्य दिसलं की मी थबकते. वर्षभरात एकही तक्रार आलेली नाही. सभेत कुणाचीही हरकत नाही, ठराव सर्वानुमते मंजूर. सर्वेक्षणात एकही शाळाबाह्य मूल नाही. हे सगळं खरं असू शकतं. पण माणसं राहतात तिथे थोडी कुरकुर असतेच. ती अजिबात ऐकू येत नसेल, तर आधी कान तपासायला हवा.

खरं शून्य

इथे कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक शांततेवर संशय घेत बसायचं? नाही. कारण खरं शून्यही असतं आणि ते मोलाचं असतं. त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

मुंबईच्या कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ गेल्या शतकाच्या मध्यापासून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणं घेऊन उतरत होते. आकाशातून येणारे वैश्विक किरण हवेत आदळून म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि ते जमिनीत खोलवर शिरतात. किती खोल, ते मोजायचं होतं. जसजसं खाली जावं तसतशी नोंद कमी होत गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर, जवळपास दोन महिने उपकरण चालू ठेवून एकही म्यूऑन मिळाला नाही.

दोन महिने शून्य. आता विचार करा, हा आकडा कुणाच्या हाती कसा दिसला असता. यंत्र बिघडलं म्हणून सोडून देता आलं असतं. किंवा काहीच मिळालं नाही म्हणून गुपचूप बासनात बांधता आलं असतं. त्या लोकांनी या शून्याचा अर्थ लावला : इतक्या खोलवर म्यूऑनचा गोंगाट पोहोचतच नाही, म्हणजे न्यूट्रिनो शोधायला याहून शांत जागा नाही. न्यूट्रिनो हा असा कण, की तो सहसा कशालाही न अडखळता पृथ्वीच्या आरपार जातो. मग सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर प्रकाश देणारं खास प्लास्टिक, त्याला जोडलेल्या पीएमटी आणि निऑनच्या नळ्या असं उपकरण उभं राहिलं. सोबतीला जपानची ओसाका सिटी युनिव्हर्सिटी आणि इंग्लंडची डरहॅम युनिव्हर्सिटी होती. १९६५ मध्ये या गटाने वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची नोंद प्रसिद्ध केली. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत काम करणाऱ्या गटालाही त्याच वर्षी असंच यश आलं.

अशा प्रयोगांत शून्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवतात? अनेक नळ्या असतात. प्रत्येक नळी आपापली कुरकुर करत असते, खडकातल्या किरणांचीही नोंद करत असते. पण खरा कण आरपार गेला, तर वेगवेगळ्या नळ्या एकाच क्षणी बोलायला हव्यात. एकेकटी बोलते आहे, पण एकत्र कुणीच बोलत नाही, असं दिसलं की कळतं, डोळे उघडे आहेत आणि समोर खरोखर काही नाही. त्या शून्यावर पुढचं बांधकाम करता येतं. म्हणजे आधी डोळा तपासायचा आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवायचा. नुसता संशय घेत राहणं हाही एक प्रकारचा आळसच आहे. त्यात तपासण्याचं कष्टाचं काम टळतं.

ज्याची किंमत दुसरा मोजतो

नळी आमची, नमुना मातीचा. चुकलं तर आम्ही पुन्हा मोजू. पण हेच तंत्र रुग्णालयात आहे. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे भाभा अणुसंशोधन केंद्राचं आहे, १९६३ पासून अणुवैद्यकाचं काम चालतं. अशा ठिकाणी गॅमा कॅमेरा असतो. रुग्णाच्या शरीरात औषधाबरोबर अल्प किरणोत्सारी द्रव्य देतात, ते अवयवात जमतं आणि कॅमेरा त्याचं चित्र काढतो. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या पोटात मोठा स्फटिक आणि त्यामागे दाटीने लावलेल्या डझनावारी पीएमटी असतात.

त्यातली एक मंदावली तर चित्रात तेवढ्या जागी काळसर ठिपका येतो. थायरॉइडच्या चित्रात अशा जागेला ‘कोल्ड’ गाठ म्हणतात आणि तशा काही गाठी कर्करोगाच्या निघतात. म्हणजे कॅमेऱ्याचा आंधळेपणा रुग्णाचा आजार म्हणून वाचला जाऊ शकतो. हाडांच्या चित्रात उलट असतं. तिथे आजार ठळक दिसतो, त्यामुळे थकलेली नळी तो झाकू शकते. म्हणून दिवसाचा पहिला रुग्ण झोपवण्याआधी कॅमेऱ्यासमोर सगळीकडे सारखे किरण देणारा स्रोत ठेवतात आणि चित्र सगळीकडे सारखं येतं का, ते पाहतात. हीच मामांची वही, फक्त मोठ्या प्रमाणावर.

बाकावर नंबर लावून बसलेल्या बाईला यातलं काही माहीत नसतं. माहीत असण्याची अपेक्षाही नाही. खोट्या शून्याची किंमत सहसा ते वाचणारा मोजत नाही. ती दुसऱ्याच्या अंगावर पडते. म्हणून यंत्र तपासणं ही नुसती टापटीप उरत नाही. जिच्या आयुष्यावर आकड्याचा परिणाम होणार, तिला तो आकडा तपासता येत नाही. मग ज्याला येतो त्याच्यावर ते देणं लागतं.

आमच्याकडे पावसाचंही तसंच आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापकाच्या तोंडात पाला अडकला असेल, तर शेत वाहून गेलं तरी कागदावर पाऊस पडलेला नसतो. शेतकऱ्याचे डोळे उघडे असतात, पण त्यांची नोंद कुठे धरत नाहीत. जिथे एकाच डोळ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, तिथे तो डोळा पुसून ठेवण्याची जबाबदारी दुप्पट होते.

सांधा लपवायचा की दाखवायचा

नळी बदलल्यावर आणखी एक मोह असतो. नवी नळी जुनीसारखी वागत नाही. तिचं शिखर वेगळ्या जागी येतं. विद्युतदाब कमी-जास्त करून, गणित करून ते जुळवावं लागतं आणि ते योग्यच आहे. पण एकदा जुळलं की आलेखात कुठेच काही झालं नव्हतं असं दाखवणं सोपं असतं. वहीतली ‘आज नळी बदलली’ ही ओळ तेवढी गाळली की झालं.

याबाबतीत मला जपानच्या सुपर-कामिओकांडेची गोष्ट फार मोठी वाटते. डोंगराखाली हजार मीटरवर ५०,००० टन शुद्ध पाण्याची टाकी आणि आत रोखून बसलेल्या ११,१४६ पीएमटी, प्रत्येकीचा व्यास सुमारे अर्धा मीटर. कोलारमध्ये ज्या जातीचे न्यूट्रिनो दिसले, त्याच जातीच्या न्यूट्रिनोंचा अभ्यास करून या प्रयोगाने १९९८ मध्ये जाहीर केलं की न्यूट्रिनो वाटेत आपलं रूप बदलतात. त्यासाठी ताकाआकी काजिता यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

या दोन्हींच्या मधे १२ नोव्हेंबर २००१ आहे. निकामी नळ्या बदलण्यासाठी टाकी रिकामी केली होती. काम संपवून पुन्हा पाणी भरत असताना तळाजवळची एक नळी फुटली. आत निर्वात, बाहेर पाण्याचा दाब. ती आत कोसळली आणि पाण्यातून धक्क्याची लाट गेली. तिने शेजारची फोडली, तिने पुढची. काही सेकंदांत सहा हजारांहून अधिक नळ्यांचा चुरा झाला. डोळे दुरुस्त करायला गेले आणि अर्ध्याहून अधिक डोळे गेले.

प्रयोगाचे प्रमुख योजी तोत्सुका यांनी लगेच सांगितलं की आम्ही हे पुन्हा उभं करू. उरलेल्या सुमारे ५,२०० नळ्या टाकीभर विरळ वाटून लावल्या, प्रत्येकीवर संरक्षक कवच चढवलं आणि वर्षभरात काम पुन्हा सुरू झालं. पूर्ण संख्या २००६ मध्ये भरली. पण मला भावते ती वेगळीच गोष्ट. त्यांनी आपली मोजमापं टप्प्यांत नावं देऊन ठेवली : अपघाताआधीचा पहिला टप्पा, अर्ध्या डोळ्यांचा दुसरा, पुन्हा पूर्ण झालेला तिसरा आणि पुढचे. आजही त्यांचा शोधनिबंध वाचणाऱ्याला कुठला आकडा कुठल्या टप्प्यातला, हे कळतं. अर्ध्या डोळ्यांनी पाहिलेलंही ज्ञानच आहे, फक्त ते अर्ध्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे हे सांगायला हवं. निकामी म्हणून यादीत लिहिलेली नळी धोक्याची नसते. तिला वगळून गणित करता येतं. धोका असतो तो निकामी असूनही यादीत नसलेल्या नळीचा.

माहितीतला उजेड

मग रोजच्या जगण्यात काय करायचं? प्रयोगशाळेत सीझियम असतं, घरात नसतं. पण उत्तर माहीत असलेला प्रश्न सगळीकडे विचारता येतो. तक्रारपेटी रिकामीच असेल, तर आपणच एक चिठ्ठी टाकून पाहावी, ती कुणाच्या टेबलावर पोहोचते का. सभेत कुणी बोलत नसेल, तर जिची हरकत आपल्याला ठाऊक आहे तिला नाव घेऊन विचारावं आणि ती तिथे बोलू शकते का ते पाहावं. नाही बोलली, तर ते सर्वानुमत नाही.

माझी आई फोनवर रोज कुरकुरते. गुडघा दुखतो, लाइट गेली होती, मजूर मिळत नाहीत. मधे एकदा ती सलग चार दिवस “सगळं बरं आहे” एवढंच म्हणाली. मी विचारलं, “गुडघा?” ती म्हणाली, “बरा आहे.” त्या गुडघ्याला मी दहा वर्षं ओळखते. मी चुलतभावाला घरी पाठवलं. बाबांना ताप होता आणि माझ्या परीक्षेमुळे मला सांगायचं नाही असं ठरलं होतं. लपवण्यात माया होती, हे खरंच. तरी ते शून्य खोटं होतं, आणि औषधपाण्याची सोय मला दोन दिवस आधी करता आली असती.

आमच्या वहीत आता आकड्याशेजारी एक रकाना आहे : ‘तपासलं?’ शून्य आलं आणि त्यापुढे ‘हो’ असेल, तर आम्ही ते शून्य मानतो. काहीच लिहिलेलं नसेल, तर तिथे शून्य धरत नाही. ती जागा आम्ही गैरहजर मानतो.